सातवा सोबती

महाभारताच्या अठरा पर्वांत सर्वांत लहान पर्व सतरावे, महाप्रस्थानिक. अवघे तीन अध्याय. फराळाचे ताट संपण्याच्या आत वाचून व्हावे एवढेच. तरीही न वाचता सर्वांना ठाऊक असलेले पर्वही हेच. कोणालाही विचारा, उत्तर तयार असते : पांडव स्वर्गाला निघाले, वाटेत एकेक पडत गेला, शेवटी धर्मराज आणि एक कुत्रा उरला, आणि तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता. कीर्तनातून, शाळेच्या पुस्तकातून, आजीच्या तोंडून ही गोष्ट आपल्याकडे येते ती अशी शेवटाकडून. कुत्र्याचे खरे रूप आपल्याला आधीच कळलेले असते. कळलेले नसते ते एकट्या युधिष्ठिराला. या एका फरकामुळे मूळ गोष्ट फार मोठी असताना आपल्या हाती तिची लहान आवृत्ती येते, असे माझे म्हणणे आहे. ते म्हणणे मी ग्रंथालयात बसून बनवलेले नाही. ते धुळ्याच्या आसपासच्या टेकड्यांवर, उतारवयात, एका गावठी कुत्र्याच्या संगतीने बनले आहे. म्हणून आधी त्याविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे.

कॉलेजात असताना आम्ही पाच मित्र सुटीच्या दिवशी पायी भटकत असू. धुळ्याच्या दक्षिणेला आग्रा रोडवर दहाएक किलोमीटरवर लळिंगचा किल्ला आहे, फारुकी राजवटीच्या काळातला, उत्तरेला सोनगीर, साक्रीकडे भामेर. शिदोरीला कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा. पुढे नोकरी, संसार, बदल्या; टेकड्या एस.टी.च्या खिडकीतून दिसायच्या तेवढ्याच. मराठी शिकवण्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितले, तेव्हा मी कॉलनीतल्या बागेत गोल फिरू लागलो. बैलाला घाण्याला जुंपावे तसे ते फिरणे होते. एका पहाटे पाय आपसूक शहराबाहेर वळले. गल्लीतला एक काळा-तांबडा कुत्रा मागे लागला. मी त्याला बोलावले नव्हते. हाकलले मात्र नाही. आज चार वर्षे झाली, तो माझ्याबरोबर चालतो. घरात त्याला काळू म्हणतात. मला आता अडुसष्टावे सरते आहे.

या चार वर्षांत मराठीतले भटकंतीचे वाङ्मय मी पुन्हा काढून वाचले. ते संपन्न आहे यात शंका नाही. गो. नी. दांडेकरांनी आपल्याला गडकोटांवर प्रेम करायला शिकवले, आणि ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ (१९५७) मध्ये नर्मदेच्या परिक्रमेची पायवाट कादंबरीत आणली. इरावती कर्व्यांच्या ‘परिपूर्ती’तला (१९४९) ‘वाटचाल’ हा लेख तर मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवला. पंढरीच्या वाटेवर चालणारी ती बाई पायांनी चालते तशीच डोळ्यांनीही चालते आणि दिंड्यादिंड्यांमधली जातीची भिंत तिच्या नजरेतून सुटत नाही. पण या वाङ्मयाचा नायक बहुधा ताठ पाठीचा असतो. त्याला कुठेतरी पोहोचायचे असते : माथ्यावर, तीर्थावर, देवळाच्या पायरीवर. आमच्या खानदेशी टेकड्यांकडे पोहोचण्यासारखे फारसे नाही. बोडकी बरडे, दिवाळीनंतर वाळून पिवळे पडणारे कुसळीचे गवत, मधूनच अंजनाचे झाड, खाली कपाशीची काळी वावरे. येथे माणूस चालण्यासाठी चालतो, आणि फार तर घरी परत येतो.

आमच्या भागातली चालण्याची खरी कविता लिहिली ती बहिणाबाईंनी, म्हणजे लिहिली नाहीच, रचली. जळगावी मुलीकडे मुक्काम असला की मी आसोद्याच्या रस्त्याने थोडा चालून येतो. आसोदे हे बहिणाबाईंचे माहेर, जळगाव हे सासर. निरक्षर असलेल्या या बाईच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, जपल्या आणि तिच्या मृत्यूनंतर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ या नावाने त्या प्रसिद्ध झाल्या. माहेरच्या वाटेवरचे ऊन तिला कठीण वाटत नाही, कारण त्या वाटेच्या टोकाला कोणीतरी आहे. वाट कुठे जाते यापेक्षा वाटेवर आपले कोण आहे, हा प्रश्न तिच्या कवितेत आहे. महाप्रस्थानाकडे मी याच प्रश्नाच्या वाटेने आलो.

आता मूळ कथेकडे वळू. युद्ध होऊन छत्तीस वर्षे लोटली आहेत. कृष्ण गेला, यादवकुळ आपापसात लढून संपले, द्वारका समुद्राने गिळली. पांडव परीक्षिताला गादीवर बसवतात, वल्कले नेसतात आणि निघतात. हे चालणे त्यांना नवे नाही. तरुणपणी बारा वर्षे वनात काढलेली माणसे ही. मधल्या काळात राजवाडा होता, रथ होते. आता उतारवयात ते पुन्हा पायांवर आले आहेत. आणि ते थेट हिमालयाकडे जात नाहीत, हे बहुतेकांच्या ध्यानात नसते. आधी पूर्वेला जातात. तेथे अग्नी अर्जुनाकडून गांडीव परत मागून घेतो. मग दक्षिणेला, मग पश्चिमेला बुडालेल्या द्वारकेपर्यंत आणि मग उत्तरेला. पृथ्वीला प्रदक्षिणा घालून, जिथे जिथे आयुष्य गेले तिथून पुन्हा एकदा चालत जाऊन, मग ते डोंगर चढतात. म्हातारपणी ओळखीच्या वाटांवर परत येणाऱ्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही.

निघताना ते सहा जण असतात, पाच भाऊ आणि द्रौपदी. आणि सातवा एक कुत्रा. कवी त्याच्याविषयी काय सांगतो? जवळजवळ काहीच नाही. तो कुठून आला, कोणाचा, कोणत्या रंगाचा, काय खाल्ले, भुंकला का, काही नाही. तो मागोमाग येत होता, एवढेच. या मौनाला काही जण कथाकाराची घाई म्हणतील. मला ती अचूक नजर वाटते. तरुण माणसाबरोबर कुत्रा पुढे धावतो, दहा वेळा परत येतो, मालकाच्या दुप्पट चालतो. माझ्याबरोबर पहिल्या वर्षी काळू असाच पळत असे. हल्ली चढावर माझी पावले जड झाली की तो आपोआप मागे येतो आणि माझ्या टाचेच्या अंतरावर चालत राहतो. म्हाताऱ्या माणसाचा कुत्रा दिसत नाही. त्याच्या पंजांचा आवाज तेवढा मागून ऐकू येत असतो. व्यासांच्या कुत्र्याचे तसेच आहे. तीन अध्यायभर तो आपल्याला फक्त मागून ऐकू येतो.

मग माणसे पडू लागतात. आधी द्रौपदी, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि भीम. दर वेळी भीम विचारतो, हा का पडला? आणि युधिष्ठिर न थांबता, मागे न पाहता कारण सांगतो : द्रौपदीचा अर्जुनाकडे अधिक ओढा होता, सहदेवाला बुद्धीचा गर्व होता, नकुलाला रूपाचा, अर्जुनाने एका दिवसात शत्रू जाळीन अशी बढाई मारली होती. शेवटी भीम स्वतः पडतो आणि आपलेच कारण विचारतो. त्यालाही उत्तर मिळते, तू फार खात होतास आणि बळाची फुशारकी मारत होतास. हा भाग वाचताना वाचकाला युधिष्ठिराचा राग येतो, आणि यावा. पण तो आपल्या फार ओळखीचा आहे. आमच्या पाच जणांपैकी तिघे आता नाहीत, चौथा अंथरुणाला खिळून आहे. प्रत्येकाच्या घरी भेटायला गेलो तेव्हा ओसरीवर बसलेल्या मंडळींनी हेच केले : त्याने साखर सांभाळली नाही, याचा तापट स्वभाव, त्याला विडी सुटली नाही. गेलेल्याचा दोष सापडला की मागे राहिलेल्याला थोडे सुरक्षित वाटते. उरलेल्या माणसाचा हा हिशेबीपणा व्यासांनी धर्मराजाच्याही तोंडी घातला आहे. त्याला त्यातून सूट दिलेली नाही.

आणि म्हणूनच पुढचा प्रसंग इतका मोठा ठरतो. भीम पडल्यावर उरतात दोघे. इंद्र रथ घेऊन येतो. युधिष्ठिर आधी भावांना आणि द्रौपदीला बरोबर घेण्याची विनंती करतो. ते देह टाकून पुढे गेले आहेत असे उत्तर मिळते. मग तो म्हणतो, हा कुत्रा माझा भक्त आहे, हाही माझ्याबरोबर येईल. इंद्र म्हणतो, कुत्रे बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही. वाद होतो, आणि वादात इंद्र मर्मावर बोट ठेवतो : तू भावांना सोडलेस, द्रौपदीला सोडलेस, मग कुत्र्याला सोडायला काय हरकत? हा प्रश्न आपल्याही मनात असतो. कवीने तो इंद्राकडून विचारून घेतला आहे. युधिष्ठिराचे उत्तर थोडक्यात असे : मेलेल्यांशी ना संधी करता येते ना विग्रह; त्यांना जिवंत करणे माझ्या हाती नव्हते, म्हणून मी त्यांना मागे ठेवले. ते जिवंत असताना मी त्यांना सोडले नाही.

सबंध पर्वाचा कणा या उत्तरात आहे. मेलेल्यांविषयी दोषांची यादी सांगणारा हा माणूस जिवंताविषयी एकही दोष उच्चारत नाही. कुत्रा अपवित्र, निरुपयोगी, हा इंद्राचा हिशेब. युधिष्ठिर त्या हिशेबात शिरतच नाही. तो एवढेच पाहतो की हा जीव माझ्या मागे आला आणि अजून चालतो आहे. मघाशी ज्याने मागे वळून पाहिले नाही तो या घटकेला वळला आहे. धर्मराजाच्या उभ्या आयुष्यात धर्माची लांबलचक व्याख्याने पुष्कळ. पण हा धर्म पायांचा आहे. बरोबर चालणाऱ्याला वाटेत टाकायचे नाही, एवढाच त्याचा नियम.

या क्षणी तो कुत्रा धर्म आहे हे त्याला ठाऊक नाही. ठाऊक असते तर त्याच्या बोलण्याला काय किंमत उरली असती? देवासाठी स्वर्ग नाकारणे हा व्यवहार झाला; कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारणे हे आचरण. आपण मात्र गोष्ट ऐकवतानाच ‘तो खरा कुत्रा नव्हता बरे का’ असे डोळे मिचकावून सांगतो आणि मुलांच्या मनावर नकळत ठसवतो की नुसता कुत्रा असता तर एवढी यातायात कशाला!

यावर आक्षेप घेता येईल, आणि तो हलका नाही. धर्माचे प्रकट होणे मी घुसडलेले नाही, ते कवीनेच लिहिले आहे. धर्म स्वतः सांगतो की पूर्वी द्वैतवनात, भाऊ पाण्यासाठी मरून पडले तेव्हा, मी तुझी परीक्षा घेतली होती. तेथे सख्ख्या भावांऐवजी तू माद्रीचा मुलगा नकुल मागितलास. म्हणजे कवीच्या मनातही ही परीक्षाच आहे. मान्य. पण कवीने क्रम पाळला आहे. आधी नकार, मग प्रकटीकरण. क्रम हाच कथेत अर्थ असतो. आपण क्रम उलटा केला. शिवाय पुढच्याच पर्वात युधिष्ठिर स्वर्गात पोहोचतो तेव्हा त्याला तेथे दुर्योधन मानाने बसलेला दिसतो आणि आपली माणसे नरकात सापडतात. तो म्हणतो, मी येथेच त्यांच्याजवळ राहतो. तेथे कोणी कुत्रा नाही, पण उत्तर तेच आहे. स्वर्ग हे बक्षीस मानून ही गोष्ट वाचणाऱ्याला हे दुसरे उत्तर अनाठायी वाटेल. सोबत हा विषय मानून वाचणाऱ्याला ते अटळ वाटते.

आणखी एक गोष्ट या वाचनात माझ्या हाती लागली. महाभारताची सुरुवातही कुत्र्यापासून होते. आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञाजवळ सरमेचे पिल्लू येते. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावलेले नसते, तिकडे पाहिलेलेही नसते. तरी जनमेजयाचे भाऊ त्याला बडवून काढतात. सरमा विचारायला येते, माझ्या मुलाने काय अपराध केला? कोणी उत्तर देत नाही. ती शाप देते, निरपराध्याला मारलेत, तुमच्यावर न दिसणारे भय येईल. आता महाप्रस्थानाची कथा वैशंपायन कोणाला सांगतो आहे ते आठवा. याच जनमेजयाला! त्याच्याच भावांनी यज्ञाच्या अंगणातून एक निरपराध पिल्लू मारून हाकलले होते, आणि त्याला सांगितले जात आहे की तुझ्या पणजोबाच्या भावाने एका कुत्र्यासाठी स्वर्गाच्या दारातून माघार घेतली. भीम पडल्यावर वैशंपायन मुद्दाम म्हणतो की ज्याच्याविषयी मी तुला वारंवार सांगत आलो, तो कुत्रा तेवढा मागे राहिला. हे वाक्य नुसते निवेदन नव्हे. समोर बसलेल्या श्रोत्याकडे रोखून पाहत उच्चारलेले ते वाक्य आहे, असे मला वाटते. मारलेल्या कुत्र्यापासून न टाकलेल्या कुत्र्यापर्यंत, एवढा या ग्रंथाचा पल्ला आहे.

दुसऱ्या संस्कृतींनीही म्हाताऱ्या प्रवाशाशेजारी कुत्रा उभा केला आहे. होमरच्या ‘ओडिसी’च्या सतराव्या सर्गात वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात घरी परतलेल्या ओडिसियसला त्याचा म्हातारा कुत्रा आर्गोस ओळखतो, शेपूट हलवतो आणि प्राण सोडतो. तेथे कुत्रा हा घराची आठवण आहे. अमेरिकेतले जॉन स्टाइनबेक वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, १९६० साली, चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन आपला देश पाहायला निघाले आणि १९६२ मध्ये त्यावर त्यांचे पुस्तक आले. तेथे कुत्रा अनोळखी माणसांशी बोलणे सुरू करून देतो. हे मलाही पटते. एरवी एकट्या म्हाताऱ्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. पण काळू बरोबर असला की शेतातला माणूस मान वर करून अहिराणीत विचारतो, ‘कथा चालना बाबा?’ कुठे निघालात, एवढाच त्याचा अर्थ. पण आमच्या बोलीत ‘कुठे’ या शब्दाचा उच्चार ‘कथा’ व्हावा याची मला दर वेळी गंमत वाटते. तरीही होमर काय किंवा स्टाइनबेक काय, कुत्र्यासाठी काही नाकारण्याची वेळ त्यांनी आपल्या प्रवाशावर आणलेली नाही. ती व्यासांनी आणली.

ती वेळ रोजच्या चालण्यातही येते. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका अभयारण्याच्या नाक्यावर पहारेकऱ्याने मला अडवले. ‘काका, तुम्ही जा, कुत्रा आत नाही जाणार.’ त्याचे म्हणणे बरोबर होते. पाळीव कुत्र्यांपासून रानातल्या जनावरांना रोग लागतात, कुत्रे हरणांच्या मागे धावतात. ज्यांचे ते घर आहे त्यांच्यासाठी तो नियम आहे. ‘इथे बांधून ठेवा, मी पाहतो,’ असेही तो भला माणूस म्हणाला. मी त्याला नमस्कार केला आणि दोघेही आल्या वाटेने परत फिरलो. यात त्याग वगैरे काही नव्हते. आतला धबधबा मी तरुणपणी पाहिलेला होता. पण उतरताना इंद्राविषयीचे माझे मत थोडे निवळले. दार राखणाऱ्याकडेही त्याचा नियम असतो, आणि तो खराही असू शकतो. युधिष्ठिर नियमाशी भांडत बसत नाही, कुत्र्याला चोरून आत नेत नाही. तुझा नियम तुला, मग मी येत नाही, एवढेच तो म्हणतो. नकाराची ही सभ्य रीत मला नियम मोडण्याच्या आवेशाहून अवघड वाटते.

मराठी माणसाला कुत्रा देवाजवळ दिसण्याची सवय आहे. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रे असतात. ते चार वेद आहेत असे आपल्याला लहानपणी सांगितलेले असते. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, तेही त्यात विठ्ठल होता म्हणून. वेद, विठ्ठल, धर्म, एवढी मोठी पदे आपण कुत्र्याला दिली. द्यायचे राहिले ते कुत्रेपण. चिन्हाला हार घालावा आणि गल्लीतल्या जिवाला धोंडा मारावा, हे मग एकाच हाताला जमते. दुर्गाबाई भागवतांच्या ‘व्यासपर्वा’ने (१९६२) आणि इरावतीबाईंच्या ‘युगान्ता’ने (१९६७) महाभारतातल्या माणसांना माणसे म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्याला दिली. त्याच दृष्टीने त्यातल्या कुत्र्यालाही कुत्रा म्हणून पाहावे, एवढी माझी मागणी आहे. धर्म प्रकट झाल्यावर त्या कुत्र्याचे काय झाले, हे कवी सांगत नाही. तो नाहीसा होतो. मला त्या जागी दर वेळी चुटपुट लागते.

आपली दिवाळी वसुबारसेने सुरू होते. गाय-वासराला एक दिवस आहे. नेपाळात याच सणात एक दिवस कुत्र्यालाही आहे. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तेथे कुत्र्यांना टिळा लावतात, झेंडूची माळ घालतात, गोडधोड खाऊ घालतात. घरच्यालाही आणि रस्त्यावरच्यालाही. आपल्याकडे त्या दिवशी तो बिचारा फटाक्यांच्या धाकाने खाटेखाली दडलेला असतो. यंदा फराळानंतर घरातल्या कोणीतरी महाप्रस्थानिक पर्व मोठ्याने वाचावे. तिसऱ्या अध्यायात युधिष्ठिर ‘मी याला सोडणार नाही’ म्हणतो, तिथे पुस्तक मिटून थोडा वेळ थांबावे. पुढे काय होते ते मुलांना लगेच सांगू नये. तो कुत्रा निदान तेवढा वेळ कुत्राच राहू द्यावा.